वडूजच्या प्रेसमधले प्रकटनाथ

त्या मंगळवारी दुपारी आप्पा प्रेसमध्ये राजरत्नवर ओरडत होते. "पोरगं झालं की नाव ठेवतोस न्हवं? मग फोटोला का ठेवत न्हाईस? ज्येचा फोटो, त्येचं नाव!"

राजरत्न आमचा पंधरा वर्षांपासूनचा ऑपरेटर. तो "व्हय" म्हणाला आणि पुढच्या फोटोलाही 'फोटो वन' म्हणून मोकळा झाला. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. बुधवारी पहाटे आप्पांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात पोहोचायच्या आत ते गेले.

उत्तरकार्याची कार्डं आमच्याच प्रेसमध्ये छापली. गठ्ठा सोडला आणि आईनं किंकाळी फोडली. खाली आप्पांचं नाव, 'कै. नानासो', आणि वर चौकटीत गावोगावी अंगारा वाटणारे हसतमुख प्रकटनाथ महाराज! जिवंतपणी कैलासवासी होण्याचा मान त्यांना आमच्याकडून मिळाला.

संध्याकाळपर्यंत निम्मं वडूज दारात होतं, दुसऱ्या दिवशी आटपाडीहून जिपा भरून आल्या. आठवडाभर महाराज प्रकट होतच राहिले. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी आले, क्लासच्या जाहिरातीत पहिल्या आलेल्या मुलीच्या जागी आले. शेळीपालनाच्या पत्रकात तर थेट 'जातिवंत बोकड' या ओळीवर. भक्तमंडळाचा अध्यक्ष वीरधवल म्हणाला, "समद्या जिवांत त्येच हायत!"

मग महाराज स्वतः आले आणि आईला म्हणाले, "जिथं माणसाची छबी अंधुक होते, तिथं आम्ही प्रकटतो. नानासो आमच्यात विलीन झाला. शालूबाई, आता सुया कशाला टोचून घेता? अंगारा घ्या. तुमची साखर नानासो बघेल."

आईनं इन्सुलिन बंद केलं. तिसऱ्या दिवशी साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला चारशे बारा.

"तुझ्या आप्पांनी खूण दिलीया, माया. ती मी मोडू व्हय?"

मी प्रेसमध्ये गेले. राजरत्न डोकं धरून बसला होता. "ताई, म्या ह्येच्या पाया बी पडत न्हाई. मग माझ्याच हातनं कसा परगटतोय ह्यो?"

"ज्या फोटोंच्या जागी आले, ते फोटो कसे होते?"

"मोबाइलवर आल्यालं. मोठं केलं की फाटणारं."

"आणि बँकेच्या चेअरमनचा?"

"त्यो स्टुडिओतला, झकास. तिथं चेअरमनच छापून आला."

म्हणजे महाराज स्टुडिओवाल्याला घाबरत होते.

छपाईची प्लेट काढण्याआधी फाइल तपासणारं सॉफ्टवेअर मी उघडलं. त्यात आप्पांनी एक सोय करून ठेवली होती. गिऱ्हाईक आधी मोबाइलवर अंधुक फोटो धाडतं, चांगला मागाहून आणून देतं. म्हणून सॉफ्टवेअरला हुकूम होता: अंधुक फोटो दिसला की त्याच नावाचा मोठा फोटो साठ्यात शोध, आतल्या सगळ्या फोल्डरांत शोध आणि सापडला की न विचारता बदल. साठ्यातल्या एका फोल्डरात महाराजांच्या कॅलेंडरचा फोटो होता. त्याचं नाव 'फोटो वन'.

हा बदल अगदी शेवटच्या टप्प्यावर व्हायचा. राजरत्नला पडद्यावर मूळ फोटोच दिसायचा. शेवटचा कागद काढून डोळ्यांखालून घालायचे ते आप्पा, आणि आप्पा आता नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक आणि प्रिंटर अंगणात मांडला. महाराजांना बोलावून घेतलं. ते खुर्चीत, गर्दी भोवती.

"ताई, देवाची परीक्षा घिऊ नये," वीरधवल म्हणाला.

"परीक्षा कसली? सेवा करतेय."

वांग्याचा एक अंधुक फोटो घेतला, नाव दिलं 'फोटो वन'. कागदावर महाराज आले. जयजयकार झाला. मग मी साठ्यातून कॅलेंडरचा फोटो काढला आणि त्याच नावानं एका म्हशीचा ठेवला. आता मोबाइलवर काढलेला खुद्द महाराजांचा अंधुक फोटो दिला, नाव तेच.

कागदावर म्हैस आली.

"आवं महाराज," मागून एक म्हातारा म्हणाला, "ह्यो अवतार कितवा म्हणायचा?"

"ह्यात बी कायतरी संकेत असंल," वीरधवल पुटपुटला.

"हाय की," राजरत्न म्हणाला. "धारंची येळ झाली."

अंगण हसून लोळलं. महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली आणि त्यांची गाडी फलटणच्या रस्त्याला लागली. मी सगळ्यांना ती सेटिंग दाखवली, ज्याला वाटलं त्यानं स्वतः बटण दाबून पाहिलं. मी म्हणाले, "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हे कसं झालं? विचारल्यानं खरा देव रागावत नाही. खोटा मात्र गाडी काढतो."

आई जागची हलली नव्हती. तिच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी होती. "फोटोचं खोटं असंल. अंगाऱ्याचं न्हाई. तुझ्या आप्पांस्नी बी गुण आलाता."

मी गर्दीकडं पाहिलं नाही.

"आई, आप्पांनी तीन आठवडे बीपीची गोळी घेतली नव्हती. अंगारा पुरतो म्हणाले. मंगळवारी मला सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाले. मला ते कळत होतं गं, सगळं कळत होतं. दोन दिवसांसाठी आलेय, वाद कशाला, म्हणून मी गप्प बसले. त्यांना गुण आला नव्हता, आई. ते मरत होते, आणि मी गप्प बसले."