एक चाचणी नापास

मार्लिसनं कपाळावर हात मारून घेतला. थॅडचा आज सकाळपासूनचा एकविसावा शेरा आला होता: ‘ओळ चारशे बारा. ओळीच्या सुरुवातीला तुम्ही दोन मोकळ्या जागा सोडल्यात, आमच्याकडे चार सोडतात.’

हेरॉन ही प्रोग्रामिंगची भाषा जगभरातले हौशी लोक फुकटात सांभाळत, आणि त्यांचा रिवाज एकच: ज्यानं तोंड उघडलं, काम त्याच्या गळ्यात. डुलुथच्या मत्स्यबीज केंद्रानं नवी यंत्रं घेतली. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हेरॉन चालेना, आणि केंद्रातला पंप बंद पडला की गजर वाजवणारा प्रोग्राम मार्लिसनं हेरॉनमध्येच लिहिलेला. “या सिस्टिमवर हेरॉन कधी येणार?” एवढंच तिनं ग्रुपवर विचारलं. कुणाचं काम घ्यायचं ते ठरवणाऱ्या थॅडनं ओरेगॉनहून उत्तर दिलं, “तुम्ही आणाल तेव्हा.” बाई हो म्हणाली आणि फसली.

त्याला चार महिने झाले. मदतीला कुत्रं फिरकलं नाही, शेरे मारायला मात्र सगळा गाव हजर. एकाला फायलींची नावं खटकली. दुसऱ्यानं ‘ही सिस्टिम वापरतंच कोण?’ असा वाद उकरला आणि सगळे नऊ दिवस त्यातच रमले. नव्या आवृत्तीत काम घेणं शुक्रवारी बंद होणार होतं, ते हुकलं की वर्षभर थांबा. आणि भाषा नीट चालते का ते पाहणाऱ्या चार हजार चाचण्यांपैकी नेमकी एक पास होईना. तीन आठवडे तिनं स्वतःचीच चूक शोधली होती.

“जेवतेस, की तुझा थॅड वाढणार आहे?” तिच्या नवऱ्यानं, ड्वेननं, स्वयंपाकघरातून विचारलं.

“एकच चाचणी पडतेय रे.”

“असं कसं? यंत्र चुकत नाही म्हणाली होतीस ना?”

ड्वेन एकोणीस वर्षं त्याच केंद्रात रात्रपाळीचा राखणदार होता. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी पहाटे पंप बंद पडला आणि ट्राउटची चाळीस हजार पिल्लं मेली. “गजर वाजलाच नाही,” असं तो शपथेवर सांगत राहिला. चौकशीत मार्लिसला तिच्या प्रोग्रामच्या नोंदी दाखवल्या. दीडनंतर एकही नोंद नव्हती. “कुणी मशीन बंद केल्याशिवाय नोंदी थांबत नाहीत,” तिनं सांगितलं. खरं तेच बोलले, असं तिला वाटलं होतं. नवऱ्याची नोकरी गेली, गावात तोंड दाखवायची चोरी झाली, आणि घरात तो विषय कायमचा बंद झाला.

वैतागून तिनं ती चाचणी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. अमेरिकेत मार्चमध्ये ज्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पहाटे दोनवरून एकदम तीनवर नेतात, त्या रात्री अडीचला लावलेलं काम तीनला झालं पाहिजे, एवढंच ती तपासत होती. तिच्याकडे ते काम होतच नव्हतं. मग बाकीच्या सिस्टिमवर कसं होतं? तिनं त्यांच्या चाचण्यांची यादी उघडून पाहिली. त्या चाचणीच्या वर सगळ्या सिस्टिमची नावं घालून लिहिलं होतं: ‘इथं तात्पुरती वगळली. थॅड.’ तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

“ही तर कुणाकडेच चालत नाही!” तिनं रागानं लिहून पाठवलं.

थॅडचं उत्तर लगेच आलं. “हो, ती पहिल्यापासून पडते. चूक भाषेतलीच आहे, कुणाला वेळ झाला नाही. तुम्हीही वगळा, आजच तुमचं काम घेऊन टाकतो.”

तीन आठवडे! तिच्या तोंडात शिवी आली, आणि तिथंच विरली.

तिचा गजराचा प्रोग्राम दर तासाला, दीड, अडीच असा अर्ध्यावर, पंप तपासायचा, आणि प्रत्येक तपासणी पुढची तपासणी लावून ठेवायची. त्या रविवारी पहाटे दीडला तपासणी झाली. त्या तपासणीनं पुढची अडीचची लावली. त्या रात्री अडीच वाजलेच नाहीत, आणि पुढची एकही तपासणी झाली नाही.

तिनं थॅडला लिहिलं, “वगळणार नाही. आधी भाषा दुरुस्त होईल.” शुक्रवार हुकणार हे तिला कळत होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. ड्वेन ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशची करपलेली कड खरवडत होता.

“ड्वेन, गजर वाजला नव्हता.”

त्याचा चमचा थांबला. “दोन वर्षं तेच सांगतोय.”

“भाषेत चूक होती. मार्चमधला तो तास... मी उद्याच केंद्रात जाऊन सांगते.”

“सांग. त्यांच्यावर माझा राग नाही गं. ते परके.” त्यानं चमचा खाली ठेवला. “पण तू नोंदी वाचल्यास, मार्लिस. मला विचारलं नाहीस.”

तिला रडू फुटलं. ती तिथंच, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “आता विचारते. त्या रात्री काय झालं?”

ड्वेननं तिच्यापुढे ताट सरकवलं आणि रात्रपाळी सुरू झाल्यापासूनचं सगळं सांगायला लागला.