ताईच्या घरची रडणारी भिंत

ताईच्या फाटकापासून निघालेली रांग थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेली होती. कडाक्याच्या थंडीत माणसं हातात रिकाम्या बाटल्या घेऊन उभी होती. कारण ताईच्या सासूबाई ज्या खोलीत वारल्या, त्या खोलीची भिंत रडत होती. पहाट झाली की कोपऱ्यातून थेंब ओघळायचे. पाहायला आलेल्या एक बाई माझ्यासमोर हुंदके देऊ लागल्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला हुंदका आला नाही, संताप आला.

ताई भिंतीखाली वाटी धरून बसली होती आणि जमलेलं पाणी भावोजींना चमच्याने पाजत होती. भावोजींची छाती आधीपासूनच नाजूक. या हिवाळ्यात तर चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागायची. डॉक्टरांचं औषध उशाशी तसंच पडलं होतं, कारण 'जाणत्या'ने ते बंद करून हेच पाणी पाजायला सांगितलं होतं.

जाणता म्हणजे दाढी वाढवलेला, मधाळ आवाजाचा एक इसम. थंडी सुरू होताना तो दारात येऊन म्हणाला होता, की या घरातली आई अस्वस्थ आहे, गारठा वाढला की उत्तरेच्या भिंतीतून तिचे अश्रू येतील. आले. गल्लीतल्या आणखी तीन घरांतही त्याने तेच सांगितलं, तिथेही आले. एका घरात कोणी वारलेलंच नव्हतं, तर तिथे आधीच्या मालकाची आई रडायला लागली. आयांना काय तोटा?

"आई सगळ्यांकडे येत नाही," तो रांगेला समजावत होता. "जिथे माया उरलीय तिथेच येते. फक्त खिडकी उघडू नका, ती निघून जाईल."

खिडकीचं ऐकून माझे कान टवकारले. मी स्टीलच्या पेल्यात बर्फाचं पाणी घेतलं आणि तो स्टुलावर ठेवला. थोड्या वेळात पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळू लागले.

"ताई, या पेल्यात कुणाची सासू आहे?"

ताईचा चेहरा उतरला. मी जरा जास्तच कडू बोललो होतो. मग सगळ्यांना नीट सांगितलं: आपला श्वास, आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ, घरात वाळणारे कपडे, या सगळ्यांचं पाणी हवेत मिसळतं आणि गार जागा मिळाली की तिथे थेंब होऊन बसतं. पूर्वी ही वाफ फटींतून निघून जायची. आता फटीच नव्हत्या. सरकारचा हुकूम होता, की इंधन वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक घर घट्ट बंद करून तपासून घ्यायचं; दाखला नसेल तर खोली भाड्याने देता येणार नाही. भावोजींचं काम सुटल्यापासून ताईचं घर वरच्या मजल्याच्या भाड्यावर चालत होतं. म्हणून तिने खिडक्यांच्या फटींत फुगून घट्ट होणारा फेस भरून घेतला, न्हाणीघराचा झरोकाही बुजवला.

"पाहा, आई पेल्यातही उतरली," जाणता म्हणाला. दोघातिघांनी पेल्यालाही हात जोडले. अशा वेळी कपाळावर हात मारण्यापलीकडे काय करणार?

तेवढ्यात भाची शाळेतून आली आणि दारातच थबकली. "मामा, हे तर फेसवाले काका. तेव्हा यांना दाढी नव्हती. यांनीच आपल्या खिडक्या बुजवल्या."

मग बाकीच्या तीन घरांतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्या खिडक्याही त्यानेच बुजवल्या होत्या. त्याला भविष्य कळत नव्हतं, स्वतःचं काम तेवढं आठवत होतं.

तो वरमला नाही. "मी हुकुमाप्रमाणेच बुजवलं," तो म्हणाला. "वाफ कुठून जाणार हे हुकुमात नव्हतं." आणि तो निघून गेला. रांग पांगली, तरी काहींनी भरलेल्या बाटल्या घरी नेल्याच.

आम्ही त्या भिंतीला टेकलेलं कपाट सरकवलं. मागची भिंत बुरशीने काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, भावोजी हिवाळाभर हीच बुरशी श्वासातून घेत होते, वर तिच्यावरून ओघळलेलं पाणी पीत होते. आम्ही झरोका फोडला. काही दिवसांत भिंत कोरडी झाली.

मग तपासनीस आला. बोलायला सभ्य होता. घरातून किती हवा निसटते ते मोजायला त्याने दारात पंखा बसवला, यंत्राचा काटा पाहिला आणि झरोका पुन्हा बुजवायला सांगितला. ताईने त्याला काळी भिंत दाखवली. तो म्हणाला, पटतंय, पण यंत्र फक्त हवेची गळती मोजतं.

"आणि माझ्या नवऱ्याचा श्वास कोण मोजतं?" ताईने विचारलं.

ताईने झरोका उघडा ठेवला, आणि दाखला गेला.

इंधन वाचवायलाच हवं, मीही वर्गात तेच शिकवतो. पण घर बंद करताना वाफेची वाट कुठली, हे ना हुकूम काढणाऱ्यांनी विचारलं, ना तो पाळणाऱ्या आपल्यापैकी कुणी. दाढीवाल्यापुढे हात जोडणं ही अंधश्रद्धा असेल, तर सरकारी शिक्क्यापुढे मुकाट मान डोलावणं वेगळं काय आहे? दोघांनाही प्रश्न विचारा, आणि भिंत ओली होण्याआधी विचारा. भावोजींची धाप कमी झाली आहे. पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आता ते हळूहळू जिना चढून वर जातात आणि भाडेकरू सोडून गेलेल्या रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या उघडतात.