माझ्या पोटातली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. माझा रंग मोतिया आहे असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. आता त्याला काय म्हणायचं ते टेक्सासच्या उन्हाला विचारा. माझ्यात आठ माणसांची सोय आहे. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आहेत, आणि तिसरी रांग दुमडली की मागच्या खड्ड्यात गुडूप होते. कारखान्यातून निघाले तेव्हा या खड्ड्याचा मला फार अभिमान वाटायचा. पुढे त्यानेच घोटाळा केला.

सॅन अँटोनियोत गिल्बेर्तोच्या घरी येऊन मला बारा वर्षं झाली. तो फरश्या बसवतो. आठवडाभर मी त्याच्या सिमेंटच्या गोण्या वाहते आणि रविवारी झाडूनपुसून साऱ्या घराला नदीकाठच्या बागेत मांस भाजायला नेते. पुढे गिल्बेर्तो आणि त्याची बायको मारिसेला, मधे मुलगी नायेली आणि तिचे जुळे भाऊ. तिसऱ्या रांगेत मारिसेलाचे वडील, तिचे अपा, डॉन सेवेरो; डॉन म्हणजे आपल्याकडचं राव. इस्त्रीचा सदरा घालून आणि टोपी मांडीवर ठेवून ते बसत. पुढे या म्हटलं तर म्हणत, मागून सगळी माणसं दिसतात.

ते दिसणं त्यांना महत्त्वाचं होतं, कारण ऐकू येत नव्हतं. मेक्सिकोत, साकातेकासला त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये पस्तीस वर्षं मोठा ढोल वाजवला. ढोलाने पोट भरलं आणि कान नेले. सगळे हसले की तेही हसायचे, जरा उशिरा. अलीकडे तेही सोडून दिलं होतं. मारिसेलाला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, मलाही वाटायचं.

अशात फर्मिन उगवला. हा नायेलीचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्यातला मानलेला बाप, म्हणून तो आणि गिल्बेर्तो एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. कोंपाद्रेचा शब्द खाली पडू देणं त्या घरात पाप. त्याने भेट म्हणून एक सबवूफर आणला, म्हणजे नुसता खालचा, घुमणारा आवाज काढणारा भोपळ्याएवढा स्पीकर. तो बसवायला पेटी हवी, आणि पेटी कोणती हवी यावरून वाद सुरू झाला.

"छोटीशी बंद पेटी करू," गिल्बेर्तो चाचरत म्हणाला.

"बंद? कोंपाद्रे, तुम्ही काय कुणाला पुरताय? पुढे फट ठेवलेली मोठी पेटी हवी. फटीतून हवा सुटली की समोरच्या घराच्या खिडक्या थरथरल्या पाहिजेत."

"समोर माझ्या साहेबीणबाई राहतात," मारिसेला म्हणाली.

"मग तर हवीच."

दोघांनी फीत घेऊन माझी मापं काढली. नेमकी त्या दिवशी गोण्यांसाठी तिसरी रांग दुमडलेली होती आणि ती कुणाच्या ध्यानातच आली नाही. मी सांगितलं असतं, पण हॉर्न दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

पेटी मात्र अगदी चपखल बसली. रविवारी डॉन सेवेरो सदरा घालून आले. दरवाजा सरकवला तर त्यांच्या जागी काळी पेटी. त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "आज माझे पाय दुखताहेत." आणि घरात निघून गेले.

बागेपर्यंत गाणी दणदणत होती. परत आल्यावर मारिसेला म्हणाली, "पुढच्या रविवारी माझे अपा या गाडीत नसतील, तर तुम्ही दोघंही नसाल. बसा पेटी उराशी धरून."

दुसऱ्या दिवशी दोघे खालमानेने पेटी काढायला आले. डॉन सेवेरो बघायला आले आणि बसायला दुसरं काही नाही म्हणून पेटीवरच बसले. फर्मिनला राहवेना, त्याने शेवटचं म्हणून एक लग्नाचं गाणं लावलं. माझे पत्रे थरथरले. डॉन सेवेरो ताठ झाले. त्यांनी पेटीवर तळवा टेकला, मग बोटं मांडीवर चालायला लागली.

"हा ढोलवाला कोण आहे?" ते मोठ्याने म्हणाले. "ठोका ओढतोय मेला. लग्न आहे की मयत?"

कितीतरी महिन्यांत ते इतक्या हौसेने बोलले नव्हते. मारिसेलाने ॲप्रन डोळ्यांना लावला.

फर्मिनचा चेहरा पडला. "ढोलवाला ठीक आहे," तो पुटपुटला. "फटीच्या पेटीत आवाज जरा रेंगाळतो." नायेलीने ते कागदावर लिहून आजोबांना दाखवलं.

"ढोलाचं कातडं सैल असलं की असंच होतं. बुजवा ती फट."

मारिसेलाने फर्मिनचंच जाकीट उचलून फटीत कोंबलं. पुन्हा गाणं लागलं. डॉन सेवेरोंनी डोळे मिटले आणि मान हलवली. "आता कसा, मारतो आणि थांबतो."

पस्तीस वर्षं ढोल वाजवलेल्या माणसाचा शब्द कोंपाद्रेच्याही वर. छोटी बंद पेटी झाली. तिसरी रांग उभी केली की मागे खड्डा मोकळा राहतो, त्यात ती बसली. ठोका आता सीटमधून थेट डॉन सेवेरोंच्या पाठीत चढतो. शीतपेयांची पेटी तिच्या डोक्यावर असते, त्यामुळे हिंदकळलेला डबा उघडला की फेस उघडणाऱ्याच्या तोंडावर. डॉन सेवेरो रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि बाग येईपर्यंत जगातल्या यच्चयावत ढोलवाल्यांचा उद्धार करतात.

"बोलत नव्हते तेच बरं होतं," गिल्बेर्तो एकदा हळूच म्हणाला. मारिसेलाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चौकात हिरव्या दिव्यालाही ब्रेक मारला.

गेल्या महिन्यात सगळे नवी व्हॅन बघायला गेले. मला दुकानाबाहेर उभं केलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. काचेतून दिसत होतं. डॉन सेवेरो नव्या गाडीत मागे बसले. विक्रेत्याने गाणं लावलं. त्यांनी पाठ टेकली, तळवा सीटवर ठेवला आणि ठोक्याची वाट बघितली.

"ही मुकी आहे," ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की मला बाहेर ऐकू आलं. मग उतरले आणि सरळ माझ्यात येऊन बसले.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. तेल वेळेवर बदला, चाकांतली हवा बघा. आणि गाडीची मापं घ्यायची वेळ आली, तर आधी घरातली सगळी माणसं आपापल्या जागी बसवा, मगच फीत हातात घ्या.