चौदावं नाणं

माझे सासरे टांकसाळीत तपासनीस होते. समोरच्या पट्ट्यावरून नवी नाणी सरकत यायची, त्यातलं सदोष नाणं उचलून डाव्या हाताच्या डब्यात टाकायचं, की ते पुन्हा वितळायला जाई. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून बाकीचे त्यांना 'भिंग' म्हणत. पुढे नोकरी संपली, पण नजर निवृत्त व्हायला तयार नव्हती. घरात नवी बशी आली की आधी वरून बघायची, मग पालथी करून. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो, तेव्हा मला समोरून नीट बघून झाल्यावर ते म्हणाले, "आता मागे वळा." मी वळलो. डावा कान उजव्यापेक्षा जरा वर आहे, एवढा दोष निघाला. "चालेल," ते म्हणाले, "चलनात जाईल."

बायको म्हणते, "तुम्हाला पास तरी केलं. मला बाबांनी जन्मल्यापासून तपासणीवरच ठेवलंय." तिच्या प्रगतिपुस्तकाची मागची कोरी बाजूसुद्धा ते बघत. हे ती हसत सांगते, पण दर वेळी सांगते.

अशा माणसाच्या हातून एक नाणं सुटलं होतं. चौतीस वर्षांपूर्वी यंत्रावरच्या माणसाने पाचाच्या नाण्याला छाप्याच्या जागीही काट्याचाच ठसा बसवला. म्हणजे दोन्ही बाजूंना काटा. चूक ध्यानात येऊन यंत्र थांबेपर्यंत अशी चौदा नाणी पडली. भिंगांनी तेरा पकडली. चौदावं बाजारात गेलं. तेव्हापासून आमचे सासरे हातात आलेली सगळी सुटी नाणी उलटीपालटी करून बघतात. मागे रांग खोळंबते, लोक नाही नाही ते बोलतात, हे आपले नाणी पालथी घालताहेत. चौदावं सापडावं, ते आपल्या डोळ्यांदेखत वितळावं आणि मग सुखाने डोळे मिटावेत, एवढी एकच त्यांची इच्छा.

ते सापडलं वर्तमानपत्रात. एका दाताच्या डॉक्टरांनी ते मिळवलं होतं आणि आता त्याचा लिलाव होणार होता. अपेक्षित किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. त्या पैशात आमचं घर आलं असतं आणि वर शेजाऱ्यांचंही.

सासऱ्यांनी किंमत वाचलीच नाही. त्यांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं: 'सदर नाणे सदोष असून नजरचुकीने चलनात गेले आहे. ते त्वरित परत करावे. बदली नाणे सोबत जोडले आहे.' आणि खरंच पाचाचं एक नाणं चिकटवून पाठवलं. उत्तर आलं नाही, म्हणून आठवड्याने कडक शब्दांत दुसरं पत्र गेलं. तिसऱ्या खेपेला पत्र न लिहिता ते मला घेऊन स्वतःच गेले.

दवाखान्यात दात दुखणारे लोक बाहेर ताटकळत ठेवून डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं. भिंतीवर सासऱ्यांची दोन्ही पत्रं चौकटीत घालून लावली होती. चिकटवलेल्या नाण्यासकट.

"या, या!" डॉक्टरांनी स्वतः दोन खुर्च्या पुढे ओढल्या. "तुमच्या पहिल्या पत्राने किंमत दीडपट झाली. दुसऱ्याने दुप्पट."

"ते फुकट गेलेलं नाणं आहे," सासरे म्हणाले. "तुम्ही सुशिक्षित दिसता. फुकट गेलेल्या वस्तूला पैसे कसले मागता?"

"काका, जुनं म्हणजे किमती असं थोडंच असतं? दोन हजार वर्षांची नाणी माझ्याकडे बरणीभर पडली आहेत, कुत्रं विचारत नाही. नाणं कमी हवं. नुसतं कमी असूनही भागत नाही, ते मिळावं म्हणून झुरणारे जास्त हवेत. ओरखडा नको. आणि हे नाणं असंच का निघालं, ते सांगणारा भरवशाचा माणूस हवा. तो तर तुम्ही घरबसल्या झालात."

"बाकीची तेरा मी वितळवली."

डॉक्टरांनी डोळे मिटून खुर्चीचा हात धरला. "तेरा!" ते म्हणाले. "म्हणूनच तर काका! तुम्ही कामचुकार असता तर आज अशी पोतंभर असती आणि पाचाचं नाणं पाचालाच गेलं असतं. ही सगळी किंमत तुमच्या डोळ्यांची आहे."

टेबलावर उघड्या पेटीत ते नाणं होतं. सासऱ्यांनी तिकडे हात नेला. डॉक्टर किंचाळले, "बोट नको! बोटाचा डाग म्हणजे निम्मी किंमत!" बाहेर एका पेशंटने घाबरून घरचा रस्ता धरला.

परत येताना सासऱ्यांनी बसचं तिकीटही पालथं करून बघितलं. ज्या कामाचा त्यांना अभिमान होता, त्यानेच ते नाणं त्यांच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवलं होतं. करायला गेले काय आणि झालं काय. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली की माझं डोकं चालतं.

"बाबा, एक सुचवू? लिलावात लोक तुम्हाला विचारणारच, की सुटलं ते एकच का. टांकसाळीतली जुनी कागदपत्रं कधीच रद्दीत गेली, आता फक्त तुमचा शब्द आहे. तुम्ही म्हणा, शंभर सुटली. भाव गडगडेल. मग पाच देऊन ते पाचाचं नाणं आपण घरी आणू आणि खुशाल वितळवू."

"म्हणजे मी शंभर सोडली असं सांगायचं?"

"एक वाक्य तर आहे."

ते दोन दिवस जेवणावर राग काढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "म्हणतो शंभर." आणि इस्त्रीचा शर्ट पालथा करून तपासायला लागले.

लिलावाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझी बायको आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. भिंग आलेत म्हटल्यावर लोक उठून उभे राहिले. एकाने त्यांच्याकडून हातरुमालावर सही घेतली आणि तिच्याखाली 'सदोष' असं लिहून द्याल का, म्हणून विचारलं. मग लिलाव करणाऱ्या बाईंनी त्यांना मंचावर बोलावलं. बाजारात कुजबुज होती, की अशी आणखी नाणी निघतील, म्हणून बोली अडून बसली होती.

"काका, सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "किती सुटली?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच मान हलवली. डॉक्टर पहिल्या रांगेत रुमाल चावत होते.

"श..." सासरे म्हणाले, आणि थांबले. खाकरले.

"एक," ते म्हणाले. "एकच. तेरा मी धरली."

मी कपाळावर हात मारला. हॉलमध्ये सुस्कारा पसरला.

"इतकी खात्री कशी?"

"पट्टा कधी थांबत नाही, बाई. नाणी छापा वर करून येतात, पुढे वळणावर पालथी होतात. छापा नाही असं नाणं वळणाआधीच ओळखू येतं. एक मला दिसलं नाही. पालथं झाल्यावर त्याला काटा होता, तिथे काटाच हवा असतो. म्हणून गेलं."

"दिसलं का नाही?"

सासऱ्यांना चीड आली. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "दारातून शिपाई ओरडला, मुलगी झाली म्हणून. मी वळून बघितलं."

"किती वेळ?"

"एका नाण्याएवढा. जास्त वळलो असतो तर दोन सुटली असती ना."

लोक हसले. बायको हसली नाही. तिने माझा हात धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती.

"मग इतकी वर्षं वाईट वाटत राहिलं असेल," बाई म्हणाल्या.

"नाण्याचं वाटतं," सासरे म्हणाले. "वळल्याचं नाही वाटत."

बोली सुरू झाली आणि किंमत आमच्या घराच्या, शेजाऱ्यांच्या आणि बहुधा समोरच्यांच्याही घरावरून गेली. हातोडा पडला तेव्हा डॉक्टर रडत होते. ते नाणं कोणी नेलं ते मला माहीत नाही. आता ते कधी वितळणार नाही, एवढं मात्र नक्की.

घरी जायला आम्ही बस धरली. सासरे तिकीट काढायला पुढे झाले. कंडक्टरने त्यांच्या तळहातावर सुटे पैसे ठेवले. मी मनात म्हटलं, झालं, आता ही सगळी पालथी होणार आणि मागचे लोक कावणार.

"बाबा," बायकोने मागून हाक मारली.

ते वळले. आणि तसेच तिच्याकडे बघत उभे राहिले. नाणी त्यांनी न बघताच खिशात टाकली. त्यात कंडक्टरने एक चांगलं ठसठशीत खोटं नाणं खपवलं होतं. ते मला दिसलं, पण मी काही बोललो नाही.