ताकात वाकलेलं हाड

"हाड हा माणसाच्या अहंकाराचा शेवटचा किल्ला आहे," असं अस्थिनाथ महाराजांनी जाहीर केलं आणि त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय मोडला. भक्तांनी त्यांना बगलेत हात घालून उभं केलं. कोपर चोळत महाराज म्हणाले, "खुर्ची अहंकारी होती." भेस्तानच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग टाळ्यांनी दणाणलं.

गर्दी बहुतेक बायकांची. खानदेशातून सुरतेला आलेल्या, साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता पन्नाशी ओलांडलेल्या. पाळी गेली तशी कंबरही गेली, हे त्या एका दमात सांगत. पुढच्या रांगेत आमच्या शेजारच्या सरलाबाई बसल्या होत्या.

महाराजांनी ताकाच्या पातेल्यात कोंबडीच्या तंगडीचं हाड सोडलं. आरती झाली. मग हाड बाहेर काढून त्यांनी दोन बोटांनी दाबलं. ते दोरीसारखं वाकलं.

"पाहा माताभगिनींनो, ताक हाड खातं. पाळी गेली की देह सोवळा होतो, त्याला आंबलेलं सोसत नाही. दही-ताक सोडा, कळण्याची भाकरी सोडा, डाळ-भाजी सोडा. साबुदाणा घ्या आणि माझं अस्थिभस्म घ्या. डॉक्टरच्या गोळ्या तर आजच टाका."

मी सरलाबाईंना विचारलं, "पण डॉक्टरांनी तुम्हाला दही खायला सांगितलं होतं ना?"

"त्या डॉक्टरचं काय सांगू भाऊ. म्हणे पोटातले जंत जगवा, ते हाडाला मदत करतात. आपण पोरांना जंताच्या गोळ्या देतो, अन् हा माले सांगतो जंत पाळ. कसाले पाळू?"

डॉक्टर 'जंतू' म्हणाले होते. त्यातला ऊकार दवाखान्यातून घरी येताना रिक्षात कुठेतरी सांडला होता.

सरलाबाईंची मुलगी उज्ज्वला मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आईने दही, डाळ, गोळ्या सगळं सोडलं तेव्हा तिने जंत आणि जंतू यांतला फरक समजावला, विनवण्या केल्या, अबोला धरला. आईचं उत्तर ठरलेलं, "तू तुझ्या पोरांना शिकव. माझी हाडं माझी आहेत."

होळीच्या सुमारास सरलाबाई मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या. पडल्या म्हणण्यासारखंही नाही, नुसत्या खाली बसल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशननंतर घरी आणल्यावर बायका बघायला आल्या. त्यांतल्या मंदाबाईंनी भस्माची नवी पुडी उशाशी ठेवली. "श्रद्धा कमी पडली असेल," त्या हळूच म्हणाल्या. महाराज तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला गेले होते. तिथे गुडघ्यांची गर्दी जास्त.

उज्ज्वला आतून दोन बरण्या घेऊन आली. "मंदामावशी, हे हाड रात्रभर ताकात होतं. वाकव बरं."

मंदाबाईंनी जोर लावला. हाड हललं नाही.

"आता हे. आठवडाभर सिरक्यात होतं, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ते."

ते रबरासारखं वाकलं.

"सिरका हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, काढून घेतो. महाराज हाड भिजवूनच आणायचे, ताक नुसतं दाखवायला. आणि आपण प्यायलेलं ताक हाडावर नेऊन ओततं कोण?"

"मग डॉक्टर म्हणाले ते जंत?" मंदाबाईंनी विचारलं.

"जंत नाहीत मावशी, जंतू. डोळ्यांना न दिसणारे. पाळी जाते तेव्हा हाडं राखणारं संप्रेरक कमी होतं, हाडं विरळ होत जातात. भाकरी, डाळ, भाजी यांतला चोथा हे जंतू आंबवतात, त्याने अन्नातला चुना अंगी लागायला मदत होते असं दिसतंय. शोध अजून चालू आहे. ताक सोडलं म्हणूनच आईचं हाड मोडलं, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर मीही महाराजच. पण हाडं आधीच विरळ होती. त्यांना दह्यातून, डाळीतून, गोळ्यांतून जे काही मिळत होतं, ते सगळं एका दिवसात बंद झालं."

बरण्यांची झाकणं लावत ती म्हणाली, "पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा, आणखी एकदा करा, पण हाड आमचं आणि भांडंही आमचं."

मंदाबाईंनी उशाजवळची पुडी उचलून मुठीत दडवली. मला वाटलं, आता सरलाबाई काहीतरी बोलतील. त्या छताकडे बघत होत्या.

"उज्ज्वला, झालं का तुझं?" त्या म्हणाल्या. "मग माले जरा कुशीवर वळव."