भांगाचं पाणी

थर्माकोलची पेटी, आत बर्फ.

रिक्षात सुक्या बोंबलांचा वास. प्रवासी एक.

पोटरीवर लाल पुरळ.

कुंपणावर वाळणारं लुगडं. एकच.

हिरवी पाटी: पाणी अंघोळीस योग्य.

पेटी हेमालीची, रिक्षातली प्रवासीही तीच. ती पंधरा दिवसांनी अलिबागहून येते, कमरेइतक्या पाण्यात बाटली भरते आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवते; पाटीचा रंग त्यावर ठरतो. लुगडं आणि पुरळ कमळकाकीचं. तिचा मुलगा निकेत उरणला ट्रेलर चालवतो, फोन रविवारी करतो. पर्यटकही रविवारचेच. बाकी दिवस समुद्रात काकी एकटी.

"काकी, घरी नळ आहे ना?"

"हाय. नळाशी काय बोलू? हितं लाट अंगावर तरी येते."

हेमाली पौर्णिमेला येई, नाहीतर अमावास्येला. दुपारची भरती पायऱ्यांना लागलेली असे. चार पावलांत कंबर बुडे, काम संपे. तिला पोहता येत नाही, हे कार्यालयात कुणाला माहीत नव्हतं.

"तुझा कागद म्हणतो चांगलं. माझी पोटरी दाखव त्याला," काकी एकदा म्हणाली. "बाय, उधाणाचं काय घेतेस? ते सगळं धुऊन नेतं. अष्टमीला ये. भांगाचं घे."

हेमालीचा हात केसांकडे गेला. काकी खोकला येईपर्यंत हसली.

"तो न्हाय गो! माझा तो कवाच पुसला. भांग म्हंजे पाणी धड जात न्हाय, धड येत न्हाय. लॉजांच्या नाल्याचं हितंच कुजतं."

अष्टमीला ओहोटी होती. पाणी लांब, कंबर त्याहून लांब. काकी पुढे चालत राहिली, मागे न बघता. "ये, ये. तळ हाय."

जंतूंचा आकडा मर्यादेच्या नऊपट आला.

पाटी लाल झाली. नाला वळवायचं ठरलं, पावसाळ्यानंतर. तोवर पाण्यात फक्त नमुना घेणाऱ्याने उतरायचं.

काकी पाटीखाली बसली होती, कोरडी.

"काकी, मला वाटलं नव्हतं..."

"मला वाटलेलं. खरं आलं ना? मंग." तिने वर पाटीकडे पाहिलं. "किती दिवस?"

"सलग चार वेळा चांगलं आलं की. भांगाचंसुद्धा."

"म्हंजे आता तू एकटीच जायचीस."

पुढच्या अष्टमीला पाटीखाली कुणी नव्हतं. कुंपणावर काही वाळत नव्हतं. शेजारचा रतन जाळं विणत होता. न विचारताच म्हणाला, "निकेतने नेली उरणला. दोन खोल्या हायेत म्हणे. समुद्र दिसत न्हाय."

हेमाली चालत गेली. घोटा. गुडघा. मांडी. मागे वळून पाहिलं तर रतन बोटाएवढा.

"तळ हाय," ती मोठ्याने म्हणाली.

कंबर. बाटली उलटी धरून पाण्याखाली नेली, फिरवली, भरू दिली. झाकण लावायला दोन्ही हात लागले.

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, पेटी काकीच्या डोक्यावर होती आणि हेमालीचा हात काकीच्या हातात.