शेपटीकडून आत

बारकी आता काही बारकी राहिली नव्हती. चाळिशी हाकेच्या अंतरावर आली होती, चष्म्याचा नंबर वाढला होता आणि संस्थेच्या तळघरात तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. पण तिची सख्खी थोरली बहीण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करायची. थोरल्या बहिणीने जिन्यातून "ए बारके" अशी हाक मारली की पुढे डॉक्टरेट वगैरे काही कामाला येत नाही. सगळी संस्था हिला बारकी म्हणायची आणि तिला ताई.

दोघींची कामंही एकमेकींत अडकलेली होती. रक्त गोठतं ते काही एका झटक्यात नाही. एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, अशी रांगच असते. त्या रांगेत दहाव्या नंबरचं एक एन्झाइम आहे. ते कामाला लागलं की पुढच्या शेकड्यांना कामाला जुंपतं. बोट कापलं तर ही मोठी सोय, पण पायाच्या शिरेत विनाकारण गुठळी धरली तर जिवावर बेततं. या एन्झाइमच्या अंगाला एक खाच असते आणि खाचेत एक खोल कप्पा. त्यात घट्ट बसेल असा लहानसा रेणू बनवायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं, हे ताईचं काम. तो रेणू खरोखर कसा बसलाय ते शोधायचं, हे बारकीचं. त्यासाठी एन्झाइम आणि रेणू या दोघांचे मिळून स्फटिक वाढवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात यावरून अणू-अणूचं चित्र उभं करायचं.

जावई म्हणजे दशमग्रह, असं म्हणतात. म्हणून या दहाव्या नंबरवाल्याला दोघी बहिणी जावईबापू म्हणायच्या, आणि नाव अगदी शोभून दिसायचं. जरा ऊब लागली की यांचं बिनसायचं, मीठ कमीजास्त झालं की रुसवा. स्फटिक व्हायचं तर नावच नको. ताटलीत मांडलेल्या थेंबाथेंबातून नुसता पांढरा साका बसायचा. दोघींची आई रोज विचारायची, "जावईबापू काय म्हणतात?" तिच्या शेजारणीची त्यामुळे खात्रीच पटली होती की बारकीने गुपचूप लग्न उरकलंय आणि नवरा तापट निघालाय.

शेवटी एकदाचे जावईबापू प्रसन्न झाले. थंड कपाटात खालच्या फळीवर विसरल्यासारख्या पडलेल्या एका ताटलीत बारकीला सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. साखरेच्या दाण्याहून कितीतरी लहान, पण कडा कशा कोरून काढलेल्या. तिने श्वास रोखून ते केसाएवढ्या फासात उचलले, गोठवले आणि दूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्राकडे पाठवून दिले. तिकडून आकडे आले, संगणकाने ते दळले आणि एका प्रसन्न सकाळी तिच्या पडद्यावर निळ्या जाळीचा एक आकार उभा राहिला. ही जाळी म्हणजे कुठे अणू आहेत आणि कुठे पोकळी, याचा नकाशा. खाचेच्या जागी जाळीचा एक वेगळा, लांबट तुकडा तरंगत होता. तो ताईचा रेणू.

आता फक्त ताईचा रेणू त्या जाळीत बसवायचा. त्याला एक डोकं होतं आणि एक शेपटी. कप्प्याच्या तळाशी ऋण प्रभार, म्हणून ताईने डोक्यावर धन प्रभार चढवला होता. दोघं एकमेकांना ओढणार आणि डोकं आत जाणार, हे शाळकरी पोरालाही पटावं. शेपटीला होती अणूंची एक साधी कडी, तिच्यावर क्लोरीनचा एक अणू. तो क्लोरीन का, याचं कारण फार शास्त्रीय नव्हतं. कपाटात ती बाटली होती म्हणून.

बारकीने डोकं आत घालून रेणू बसवला. बसेना. डोकं जाळीबाहेर डोकावायचं आणि शेपटीकडे जाळी रिकामी राहायची. तिने तो हलवला, वाकवला, चहा पिऊन आली, पुन्हा वाकवला. मग सहज, नुसतं बघावं म्हणून, तिने रेणू उलटा केला. शेपटी आत, डोकं बाहेर. पायात जुनी चप्पल सरकावी तसा तो जाळीत जाऊन बसला.

तिला आधी आनंद झाला आणि लगेच तो ओसरला. कारण गेली दोन वर्षं ताई त्या डोक्यावरच काम करत होती. डोकं मोठं कर, लहान कर, त्याला एक हात जोड, एक काढ. इतके प्रकार करूनही रेणूचा जोर तसूभर वाढत नव्हता, आणि ताईला त्याचं कारण सापडत नव्हतं. ते आता पडद्यावर समोर होतं. जे डोकं आत गेलंच नव्हतं, त्याला नटवून होणार काय?

दुसरी भानगड अशी की त्याच आठवड्यात बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. संस्थेच्या प्रमुखबाई त्यांच्यासमोर ताईचं भाषण ठेवून बसल्या होत्या. ताईने कप्प्यात डोकं घातलेल्या रेणूचं सुरेख चित्रही काढून ठेवलं होतं, आणि बारकीच्या खऱ्या चित्राची ती वाट बघत होती.

ताईला चूक दाखवायची म्हणजे सोपं काम नव्हतं. ती रागीट होती असं नाही, पण तिला चुकायची सवयच नव्हती. लहानपणी कोड्याचं उत्तर ती आधी सांगायची आणि मग कोडं पूर्ण ऐकायची. बारकीने दोन दिवस जाळी तपासण्यात घालवले. सगळं पुन्हा मुळापासून मांडलं, आपलीच चूक निघावी म्हणून जंग जंग पछाडलं. एकही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईकडे जेवायला गेली आणि न राहवून तिने मन मोकळं केलं.

आईला आदल्या वर्षी पायात गुठळी झाली होती. तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घ्यायची आणि या विषयातलं आपल्याला बरंच कळतं अशी तिची समजूत होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की सध्या काही बोलू नकोस, भाषण होऊन जाऊ दे, उगाच ती मनाला लावून घेईल. बारकीला हा सल्ला पटला नाही, पण सोयीचा वाटला. संध्याकाळपर्यंत थांबू, असं म्हणून ती परत आली.

संध्याकाळपर्यंत थांबायची वेळच आली नाही. बारकीची पाठ वळताच आईच्या मनात आलं की थोरलीला थोडी तयारी असलेली बरी, आणि तिने ताईला फोन लावला. बारकी म्हणते तुझं औषध उलटं बसलंय, पण तू मुळीच वाईट वाटून घेऊ नकोस, असं तिने प्रेमाने सांगितलं.

ताई तळघरात आली ती थेट. दार लोटलं आणि बारकीच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मला आईकडून कळावं?"

बारकीने आपण तपासत होतो, खात्री करत होतो, असं काहीबाही सांगितलं.

"किती दिवस?"

"दोन."

"म्हणजे दोन दिवस तू मला जिन्यात भेटलीस, माझ्या डब्यातलं खाल्लंस, आणि गप्प राहिलीस."

"घाबरले," बारकी म्हणाली. "तुला चुकलेलं मी कधी बघितलंच नाही. बघायचं कसं ते कळेना."

ताई ओढून आणलेल्या स्टुलावर बसली आणि तिने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. मग तिची उलटतपासणी सुरू झाली. जाळी इथे फाटकी का? हा फुगवटा पाण्याचा कशावरून नाही? बारकी एकेकाचं उत्तर देत गेली. ताईला अर्धं पटत होतं आणि अर्धं पटवून घ्यायचं नव्हतं. तिचं म्हणणं, दोन्ही टोकांचे आकार थोडेफार सारखेच आहेत, अशा धुरकट चित्रात डोक्याला शेपटी म्हणणं अवघड नाही.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "मी शेपटीवरचा क्लोरीन काढते आणि तिथे ब्रोमीन लावते. ब्रोमीन तुझ्या किरणांत वेगळा उठून दिसतो ना? मग दिव्यासारखा दिसेल. बाहेर दिसला तर मी बरोबर."

"आणि तळाशी दिसला तर?"

"आधी दिसू तर दे."

मधल्या काळात भाषण होतंच. प्रमुखबाईंना कुणकुण लागली होती, त्यांनी भाषण पुढे ढकलायचं सुचवलं. ताई नाही म्हणाली. बारकी मागच्या रांगेत जाऊन बसली आणि कप्प्याचं ते सुरेख चित्र कधी येतं याची वाट बघू लागली. चित्र आलं. ताईने त्याच्याकडे बघितलं, आणि पाहुण्यांना म्हणाली की महिन्यापूर्वी मी हे चित्र शपथेवर दाखवलं असतं, आज नाही. आमच्या स्फटिकांवरून असं वाटतंय की रेणू उलटा बसलाय. कुठलं टोक आत आहे हे मला आज ठाऊक नाही, आणि तेच शोधायचं काम चाललंय. पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ तोवर पेंगत होते, ते सावरून बसले. सर्वांत जास्त प्रश्न मग त्यांनीच विचारले.

ब्रोमीनचा रेणू ताईने जातीने बनवला, कुणाला हात लावू दिला नाही. जावईबापूंनी अर्थातच पुन्हा नखरे केले. आधीची कृती जशीच्या तशी केली तरी साकाच. मग ताई स्वतः तळघरात येऊन थेंब टाकायला बसली. तिचा हात बारकीपेक्षा हलका होता, हे बारकीने कबूल केलं. स्फटिक आले, गोठले, रवाना झाले. तिकडे किरणांची तरंगलांबी ब्रोमीनला नेमकी चेतवेल अशी लावून ठेवायला बारकीने बजावून सांगितलं होतं.

आकडे आले तेव्हा दोघी शेजारी-शेजारी बसल्या होत्या. बारकीने रेणू पडद्यावर आणलाच नाही, नुसतं एन्झाइम ठेवलं, म्हणजे कुणाचा पक्षपात नको. मग ब्रोमीनचा नकाशा चढवला. रिकाम्या खाचेत एकच ठळक केशरी गोळा उमटला. कप्प्याच्या अगदी तळाशी.

ताईने खुर्ची मागे सरकवली. बारकीला वाटलं, आता ही उठून जाणार. पण ताईच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि बारकीला जरा उशिराच कळलं की ती हसतेय.

"दोन वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षं मी याच्या टोपीला जरी लावतेय गं. आणि हा मेला पाय आत घालून निवांत बसलाय."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय. उद्या जास्त वाटेल. पण मला हे सांग, त्या क्लोरीनच्या बाजूला जागा किती आहे?"

जागा होती. बारकीने पडदा फिरवून दाखवली. तळाशी एका बाजूला चिमूटभर पोकळी होती, आणि वरच्या अंगाला, जिथे आता डोकं उघड्यावर लोंबत होतं, तिथे खाचेची एक भिंत मोकळीच पडली होती. ताईने कागद ओढला आणि ती कड्या काढू लागली. ही बसेल का? बारकी मोजून सांगायची, नाही, भिंतीला घासेल. ही? हो, पण वाकडी करावी लागेल. वरच्या मजल्यावरून दोनदा बोलावणं आलं, ताई हलली नाही.

पहिले तीन नवे रेणू वाया गेले. एक पाण्यात विरघळेना, एक बनवता-बनवताच तुटला, तिसरा आधीच्याहून दुबळा निघाला. ताई वैतागली, पण हा वैताग पूर्वीचा नव्हता. आता कुठे चुकलं ते बघायला जागा होती, आणि ती बघायला ती तडक तळघरात यायची. आई अधूनमधून दोघींना वेगवेगळा फोन करून समेट झाला का ते विचारायची. भांडणच राहिलं नव्हतं हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

चौथ्या रेणूच्या चाचणीला ताई होती, बारकी नव्हती. चाचणी साधी असते. नळीत रक्ताचा पिवळा द्रव घ्यायचा, त्यात रेणू टाकायचा, गोठवणारं रसायन घालायचं आणि किती वेळाने गोठतं ते बघायचं. शेजारची रेणू न घातलेली नळी बघता-बघता घट्ट झाली. रेणूवाल्या नळीत मात्र पाणी ते पाणीच. चाचणी करणाऱ्या बाईंनी यंत्राला एक चापट मारली. त्यांचं म्हणणं पडलं की बहुतेक बिघडलंय. ताईने नळी बाहेर काढून तिरकी केली. द्रव आरामात इकडून तिकडे वाहिला.

ती लिफ्टसाठी थांबली नाही. जिन्यातूनच हाक मारत खाली आली.

"बारके, वर चल. गोठत नाहीये."

बारकी हातातलं काम टाकून धावली. वरच्या मजल्यावर, खिडकीच्या उजेडात, ताईने नळी तिच्या हातात दिली. बारकीने ती तिरकी केली, सरळ केली, परत तिरकी केली. मग ताईने मागून घेतली. दोघी बहिणी आळीपाळीने नळी कलवत, काहीच होत नाही ते कौतुकाने बघत उभ्या राहिल्या, आणि चाचणीवाल्या बाई यंत्राची वायर तपासत राहिल्या.